गुरम्माची वाट

काळा कोट बोलतोय मी, वकिलाचा. चाकूरच्या कोर्टाजवळून गेलात तर माझ्यासारखे पुष्कळ दिसतील. कुणी खुर्चीच्या पाठीला टांगलेला, कुणी मोटारसायकलच्या आरशाला, कुणी उन्हात नुसताच हातावर घेतलेला. माणसं आम्हाला घालतात तेव्हा ताठ होतात आणि काढतात तेव्हा सुस्कारा टाकतात. आज मला माझ्याबद्दल थोडं सांगायचं आहे आणि गुरम्मा नावाच्या एका बाईबद्दल जास्त.

माझा जन्म नांदेडचा. वजिराबादेतल्या एका गल्लीत रसूलमियाँ नावाचे टेलर होते, त्यांच्या मशीनवर मी शिवला गेलो. माझी मालकीण शिवकांता ही निलंग्याकडच्या शेतकऱ्याची मुलगी. नांदेडला राहून ती कायदा शिकली आणि सनद हातात आली तशी वडिलांना घेऊन माप द्यायला आली. वडील म्हणाले, "जरा सैल राहू द्या मास्तर. पोरगी अभ्यासानं लई वाळलीय, भरंल पुढं."

रसूलमियाँ टेप गळ्यात टाकत म्हणाले, "भाईसाब, सैल कोट में वकील नहीं, उसका बाप दिखता."

सगळे हसले आणि मी मापातच शिवला गेलो.

लातूरच्या मोठ्या वकिलांच्या गर्दीत आपल्याला कोण विचारणार, म्हणून शिवकांतानं चाकूर धरलं. तिथल्या वकिलांत बाई अशी ती एकटीच. पक्षकार यायचे, तिच्या टेबलापाशी घुटमळायचे आणि विचारायचे, "वकीलसाहेब कुठं गेलेत?" ती म्हणायची, "मीच." मग ते अजून थोडा वेळ उभे राहायचे आणि तहान लागल्याचं निमित्त करून निघून जायचे. त्या दिवसांत मी तिच्या अंगावर जड व्हायचो, हे मला कळायचं. ती माझ्या बाह्या उगाच खाली ओढत बसायची.

गुरम्मानं तो प्रश्न विचारला नाही. सावळी, उंच, कपाळाला विभूती, गळ्यात इष्टलिंगाचा करंडा. ती मूळची देगलूरकडची, पण लग्न होऊन चाकूरजवळच्या गावात आली आणि तिथलीच झाली. शिवकांतासमोर बसत ती म्हणाली, "तूच वकील व्हय? बरं झालं. काही गोष्टी बाप्याला सांगता येत न्हाईत."

तिचं म्हणणं असं. गावापासून निघणारी वाट व्यंकटच्या शेताच्या बांधावरून जायची आणि पुढं गुरम्माच्या शेतात उतरायची. तिच्या सासऱ्याच्या आधीपासून लोक त्याच वाटेनं जात होते. आता व्यंकटनं डाळिंबाची बाग लावली होती. रानडुकरं आत येतात म्हणून त्यानं चारी बाजूंनी तार ओढली आणि वाट तारेच्या आत गेली. गुरम्मा विचारायला गेली तर तो म्हणाला, "पलीकडून ओढ्यातून जा की मावशी. तिकडून बी रस्ता हायच."

"ओढ्यातून मी जाईन," गुरम्मा म्हणाली. "पाय हायेत तवर जाईन. पर पुढं?"

"पुढं म्हणजे?"

आम्हा कोटांना माणसाचा श्वास छातीपाशी कळतो. शिवकांताचा श्वास अडकला तो गुरम्माच्या पुढच्या बोलण्यानं.

"आपल्यात माणसाला पुरतात, तुला ठावं हाय. शेत असलं की शेतातच. मपला सासरा, सासू आणि मालक, मन्मथप्पा, तिघं बी तिथंच हायेत, लिंबाच्या खाली. मालकाच्या बाजूची जागा मोकळी ठेवलीय. ती मपली. वाट बंद झाली तर मला तिथं नेतील कसं? मेलेली बाई काय ओढ्यातून चालत जाणार हाय?"

शिवकांता स्वतः त्याच लिंगायत समाजातली. तिचे आजोबाही निलंग्याकडच्या शेतात पुरलेले होते. तिनं त्याच दिवशी वकालतनाम्यावर गुरम्माचा अंगठा घेतला.

दावा दाखल झाला आणि तारखा सुरू झाल्या. कोर्टाच्या व्हरांड्यात एक लाकडी बाक होतं, त्यावर त्या दोघी पुकाऱ्याची वाट बघत बसायच्या. गुरम्मा धपाटे आणायची, सोबत शेंगदाण्याची चटणी. शिवकांता तेलकट बोटं विसरून मला पुसायची आणि मग स्वतःवरच चिडायची.

अशाच एका तारखेला गुरम्मानं विचारलं, "का गं वकीलबाई, ह्यो कायदा केला कोणी?"

"कोणता?"

"ह्योच. वाटंचा."

शिवकांताला कायद्याचा इतिहास मनापासून आवडायचा. नांदेडच्या कॉलेजात बाकीची मुलं तो विषय पास होण्यापुरता वाचायची, आणि ही वाचता वाचता जेवण विसरायची. पण हे सगळं कुणी विचारील आणि ते आपल्याला आपल्या बोलीत सांगावं लागेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिनं हातातली फाइल बाजूला ठेवली.

"इंग्रजांच्या मुलखात सुरू झाला तो, मावशी. लई शतकांमागं. तवा तिथं गावागावाचा कायदा निराळा होता. एका गावात थोरल्या पोराला रान मिळायचं, दुसऱ्या गावात धाकट्याला. मग दुसरा हेन्री नावाचा एक राजा झाला. त्यानं आपले न्यायाधीश घोड्यावर बसवले आणि मुलूखभर पाठवले. ते गावात जायचे आणि तिथल्या बारा जाणत्या माणसांना देवाची शपथ घालायचे. सांगा, हे रान कोण कसत होतं? ही वाट कुणाची? जे शेजाऱ्याला माहीत, ते राजाला कसं माहीत असणार?"

"बरोबर हाय की."

"मग ते न्यायाधीश राजधानीला परत यायचे, एकत्र बसायचे. मी तिथं असा निकाल दिला, तू काय दिलास? असं बोलता बोलता चांगल्या रीती राहिल्या, वाईट गळाल्या आणि अख्ख्या मुलखाचा एकच कायदा झाला. सगळ्यांचा सामायिक. त्याला म्हणतात कॉमन लॉ."

गुरम्मानं धपाट्याचा तुकडा मोडून तिच्या हातावर ठेवला. "म्हंजी पुस्तकातून न्हाई आला त्यो. बांधावरून आला."

"हाव," शिवकांता म्हणाली. कॉलेजातून बाहेर पडल्यापासून ती इतकी मोकळी हसल्याचं मी पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून रीतच पडली. तारीख लागली की गुरम्मा बाकावर बसायची, पदर आवरायची आणि म्हणायची, "हं, पुढचं सांग." न्यायाधीश रजेवर असले, समोरच्या वकिलानं मुदत मागितली, तरी तिला आता फार वाईट वाटत नसे. तिला गोष्टीचा पुढचा भाग मिळालेला असे.

शिवकांतानं तिला सांगितलं की ज्या वाटेची सुरुवात कुणाच्याच आठवणीत नाही, ती वाट त्या लोकांनी हक्काची मानली. आपल्याकडच्या कायद्यानं त्याला वीस वर्षांची हद्द घातली, एवढाच फरक. "पण मावशी, चालणारा हक्कानं चालला पाहिजे. मालकाची मेहेरबानी म्हणून चालला असंल, तर कितीबी वर्षं चालू दे, हक्क होत नाही."

"मेहेरबानी कशाची? बांध सरकारी दप्तरात येण्याआधीपासनं आम्ही चालून राहिलो."

एका तारखेला तिनं सांगितलं की पुढं तोच कायदा कडक झाला. राजाच्या कचेरीतून ठरलेल्या नमुन्याचा हुकूम घेतल्याशिवाय कोर्टाचं दार उघडेना. ज्याचं दुःख नमुन्यात बसत नाही, त्यानं घरी जावं.

"आपल्या तहसीलीवानी!" गुरम्मा एवढ्या मोठ्यानं म्हणाली की पट्टेवाल्यानं डोळे वटारले.

"मग ती माणसं राजाच्या दारात जाऊन रडायची. राजाला वेळ नसायचा. तो त्यांना चान्सलरकडं पाठवायचा, म्हणजे त्याच्या प्रधानाकडं. प्रधान बहुतेक धर्मगुरू असायचा. तो नमुना बघायचा नाही. तो विचारायचा, मनाला काय पटतं? त्याच्या कोर्टातून मनाई हुकूम आला. निकाल लागंल तवा लागंल, तोवर ह्या माणसाचं आणखी नुकसान करू नका, असं सांगणारा हुकूम. तोच आपण मागितलाय. व्यंकटनं निकालापर्यंत तार काढून ठेवावी म्हणून."

"मग आपल्या साहेबाला बी मन असंलच की."

होतं. ते न्यायाधीश तरुण होते, सभ्य होते, फाइल वाचून यायचे. पण कोर्टानं करवलेल्या पाहणीचा अहवाल फाल्गुनातला होता. ओढा तेव्हा कोरडा ठणठणीत, त्यातून बैलगाडीची चाकं गेल्याच्या खुणा. साहेबांनी लिहिलं, ओढ्यातून पर्यायी वाट दिसते. पुरावा झाल्यावर पाहू. तूर्त मनाई हुकूम देता येत नाही. शिवकांतानं लातूरला जिल्हा कोर्टात त्यावर अपील केलं. तिथंही तारीख पडली.

मधल्या काळात चाकूरला गुरम्माची साक्ष झाली. पिंजऱ्यात उभी राहून तिनं शपथ घेतली. व्यंकटचा वकील अनुभवी होता. त्याचं म्हणणं, शेतीला जायची वाट असली तरी प्रेत न्यायची वाट ती कधीच नव्हती. त्यानं गोड आवाजात विचारलं, "मावशी, तुमच्या मालकाला नेलं तेव्हा व्यंकटच्या वडिलांची परवानगी मागितली होती का?"

प्रश्नात काय आहे ते मला शिवकांताच्या पाठीच्या ताठरपणातून कळलं. मागितली म्हणावं तर ती मेहेरबानी ठरणार. नाही म्हणावं तर तो विचारणार, मग चोरून नेलं का?

गुरम्मा म्हणाली, "मागायची कशाला? खांदा द्यायला त्योच पयला आला होता."

टंकलेखकानं मान वर केली. मागच्या बाकावर बसलेला व्यंकट खाली बघत होता. मन्मथप्पाला नेलं तेव्हा तो मोठा होता, त्याला ते आठवत असणार.

बाहेर आल्यावर शिवकांता म्हणाली, "मावशी, आपण जिंकलो बघा."

"लागला निकाल?"

"नाही. पण हे वाक्य कागदावर आलं. आता ते कुणाला पुसता येत नाही."

त्या दिवशी गुरम्माला गोष्टीचा पुढचा भाग हवा होता, इंग्रजांचा कायदा निजामाच्या मुलखात कसा आला त्याचा. तिच्या सासऱ्याच्या वेळचे मुनसफ उर्दूत फैसला लिहायचे, हे तिला ऐकून ठाऊक होतं. पण बस लागली होती. "पुढच्या तारखेला सांगते," शिवकांता म्हणाली.

पुढची तारीख गुरम्मानं पाहिली नाही.

भाद्रपद लागला होता. आठवडाभर पाऊस धरून बसला होता. दुपारी शिवकांता दुसऱ्याच एका प्रकरणात उभी होती तेव्हा माझ्या खिशातला फोन थरथरत राहिला. गुरम्माची मुलगी अंबिका बोलत होती. नवऱ्यानं टाकल्यापासून ती आईपाशीच राहायची, शेत तीच बघायची. "वकीलबाई, अव्वा गेली," एवढंच ती म्हणाली, आणि मग, "ओढा भरलाय."

शिवकांता मला काढायचंही विसरली. तशीच स्कूटीवर बसली. गावात पोचेपर्यंत मी भिजून दुप्पट जड झालो होतो.

गुरम्माला विमानात, म्हणजे फुलांनी सजवलेल्या तिरडीत, बसवलं होतं. बसलेल्या माणसासारखी, मांडी घालून, कपाळभर विभूती, झेंडूच्या माळा. गावातले लोक अंगणात उभे होते. एक म्हातारी शिवकांताला न्याहाळत म्हणाली, "माय, मयतीला काळं घालून आलीस?" शिवकांतानं नुसते हात जोडले. मला मात्र उत्तर येत होतं. वकील लोक सांगतात, इंग्लंडात एक राणी वारली तेव्हा तिच्या सुतकात वकिलांनी काळं घातलं आणि ते पुन्हा उतरवलंच नाही. खरं-खोटं मला माहीत नाही. पण त्या अंगणात मी पहिल्यांदा योग्य ठिकाणी आहे असं मला वाटलं.

ओढ्यावर माणसं जाऊन बघून आली. छातीच्या वर पाणी, आणि ओढीपुढं पाय ठरत नव्हता. राहिली व्यंकटची बांधाची वाट. शिवकांता चिखल तुडवत त्याच्या घरी गेली.

व्यंकट ओसरीवर उभा होता. त्याची बायको यशोदाबाई दाराशी. शिवकांता म्हणाली, "दादा, फक्त आजच्या दिवस तार सोडा. माणसं जातील, ठेवून येतील. पुन्हा बांधून घ्या."

व्यंकट म्हणाला, "वकीलबाई, मला काय आवडतंय का हे? मावशीच्या हातचं खाल्लंय मी. पर आज गाव तिला माझ्या बांधावरनं नेणार. उद्या तुम्हीच ह्यातल्या चौघांना पिंजऱ्यात उभं करून विचारणार, मयत कुठनं नेली? माझा वकील म्हणलाय, काही बी होऊ द्या, वाट एकदा बी सोडायची न्हाई."

"मी लिहून देते. ही परवानगी आहे, यानं तुमच्या हक्काला बाध येत नाही. सही करते."

"मला तुमच्या कागदाचीच भीती वाटती," व्यंकट म्हणाला.

त्यानं आपल्या वकिलाला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. यशोदाबाई दारातून हलक्या आवाजात म्हणाली, "सोडा हो. आभाळ बघून राहिलंय." त्यानं तिच्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं आणि तिथंच ओसरीवर बसून राहिला. शिवकांता त्याला आणखी काही बोलली नाही. का, ते मला ठाऊक आहे. परत चिखल तुडवताना ती स्वतःशीच पुटपुटली, "मी त्याची वकील असते तर मी बी हेच सांगितलं असतं."

अंधार पडायच्या आत पुरायला हवं, असं विधी करणारे जंगमस्वामी म्हणाले. अंबिका आईच्या पायाशी बसली होती. सगळे तिच्याकडे बघत होते. ती उठली, आईच्या गळ्यातली माळ सरळ केली आणि म्हणाली, "चला. गावाच्या जागेत न्या."

गावाबाहेर समाजाची दफनभूमी होती, रस्त्याला लागून. गुरम्माला तिथं ठेवलं. एका बाजूला अनोळखी माणसाची समाधी, दुसऱ्या बाजूला काटेरी कुंपण. शिवकांतानंही मूठभर माती टाकली. ती माती माझ्या बाहीला लागली आणि ओलीच राहिली.

त्यानंतर कोर्टाच्या कागदांवर गुरम्माच्या नावापुढं एक शब्द चढला: मयत. "मयत गुरम्मा, वारस अंबिका." दर तारखेला पट्टेवाला तोच पुकारा करायचा. बाकावर आता अंबिका बसायची. शिवकांता तिला काही सांगायला जायची आणि थांबायची. इतिहास पुन्हा तिच्या तोंडून निघाला नाही.

मनाई हुकुमाचं लातूरचं अपील पडूनच राहिलं. चाकूरच्या दाव्याचा निकाल विरोधात गेला, ओढ्याच्या पर्यायी वाटेच्या मुद्द्यावर. त्या निकालावर पुन्हा लातूर गाठलं, तिथंही हरलो. तिथं समोरचा वकील म्हणाला, वाट मागणारीच हयात नाही, मेलेल्या माणसाला वाट कशाला लागते? दोनचार जण हसले. शिवकांता हसणाऱ्यांकडे वळून बघत राहिली, इतका वेळ की त्यांना खोकला आला.

त्या संध्याकाळी ती अंबिकाला म्हणाली, "आता हायकोर्ट. पण तुला वाटत नसलं तर इथंच थांबू."

अंबिका म्हणाली, "अव्वाचं वाक्य हाय ना कागदावर? त्यो पयला खांदा द्यायला आला होता म्हणलेलं?"

"आहे."

"मग ते एकदा कुणी तरी नीट वाचलं पायजे."

शिवकांता जुन्या ग्रंथांत शिरली. लातूरच्या कायदा कॉलेजच्या वाचनालयात ती मला खुर्चीवर टांगून धुळीची जाड पुस्तकं काढायची. एका पानावर तिला सापडलं की इंग्लंडातल्या खेड्यांत प्रेताच्या वाटा होत्या. ज्या वस्तीला स्वतःची दफनभूमी नव्हती, तिथली माणसं आपलं मढं खांद्यावर घेऊन दुसऱ्याच्या रानांतून, डोंगरातून दूरच्या चर्चपर्यंत न्यायची आणि चर्चच्या अशा वाटा तिथली कोर्टं रिवाज म्हणून मानायची. वाचता वाचता तिनं चष्मा काढला. "मावशी, त्यांच्यात बी होतं," ती हळूच म्हणाली. वाचनालयात तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

संभाजीनगरच्या खंडपीठात माझ्यावर पहिल्यांदा गाऊन चढला. माझी कोपरं तोवर घासून चकचकीत झाली होती, गाऊनमुळं ती झाकली गेली. ती उभी राहिली आणि फार बोलली नाही. बारा शेजाऱ्यांपासून सुरुवात केली, प्रेताच्या वाटांवर आली आणि शेवटी गुरम्माची साक्ष वाचली, शब्द न बदलता, चाकूरच्या बोलीत, टंकलेखकानं लिहिली होती तशी.

निकालात न्यायमूर्तींनी लिहिलं: पावसाळ्यात जो ओढा माणसाला पार करता येत नाही, त्याला वाट म्हणता येत नाही. आणि शेतात कष्टाला जाणाऱ्याची वाट एक आणि त्याच शेतात विसावायला नेल्या जाणाऱ्याची वाट दुसरी, असा भेद या गावानं कधी केला नव्हता. तो कोर्टानं करू नये. शेजारी स्वतः पहिला खांदा देतो, तेव्हा ती मेहेरबानी नसते, रिवाज असतो. अपील मंजूर.

बाहेरच्या व्हरांड्यात लोकांनी शिवकांताचं अभिनंदन केलं. ती सगळ्यांना हात जोडत होती. मग ती जिन्याखाली गेली, भिंतीकडे तोंड केलं आणि माझ्या बाहीत तोंड खुपसून रडली.

वाट मोकळी करायला कोर्टाचा बेलीफ यायचा होता. आम्ही पोचलो तेव्हा व्यंकट आधीच बांधावर उभा होता, हातात पकड घेऊन. अर्धी तार त्यानं स्वतःच कापली होती. तो खूप थकलेला दिसत होता. अंबिकाला बघून तो बाजूला झाला आणि म्हणाला, "जा बाई. त्या दिवशी सोडायला पायजे होती."

अंबिका बांधावरून चालत लिंबाखाली गेली. वडिलांच्या समाधीपाशी वाकून तिनं मूठभर माती उचलली, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि आली तशीच परत फिरली. शिवकांता मागं मागं. तिथून दोघी गावाबाहेरच्या दफनभूमीत गेल्या. अंबिकानं गाठ सोडली आणि ती माती आईवर घातली. "तू येऊ शकली न्हाईस ना अव्वा," ती म्हणाली, "म्हणून अप्पाला आणलंय."

शिवकांता कुंपणापाशीच थांबली. ती पुढं गेली नाही.

त्या निकालाचं पुढं काय झालं, तेही सांगतो. तो छापला गेला. निवाड्यांना त्यातल्या माणसांच्या नावानं ओळखतात. गुरम्माचं नाव आता पुस्तकात आहे. वाटेचं भांडण कुठंही असो, वकील उठतो आणि तिचं नाव घेतो. या कायद्याची रीतच तशी. एकाचं सोसणं पुढच्याच्या कामी येतं.

मागच्या वर्षी शिवकांता काही कामानं नांदेडच्या कोर्टात बसली होती. पुढं अर्धापूरकडचं प्रकरण चालू होतं. केळीच्या बागेतून जाणारी वाट अडवली होती. सत्यम नावाचा तरुण वकील मोठ्या हुशारीनं बाजू मांडत होता. त्यानं निवाडा वर धरला आणि म्हणाला, "साहेब, मी गुरुअम्मा यांच्या प्रकरणाचा आधार घेतो."

शिवकांता उठून उभी राहिली. "गुरम्मा," ती म्हणाली.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "मॅडम, तुम्ही या प्रकरणात आहात का?"

"नाही साहेब. नाव चुकलं होतं."

सत्यमनं चूक सुधारली, आभार मानले आणि पुढं बोलू लागला. शिवकांता बसली. तिचा हात माझ्या खिशात होता आणि मूठ घट्ट मिटलेली होती. त्या दिवशी अर्धापूरच्या माणसांना वाट मिळाली. ती माणसं हसत, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत जिना उतरली. त्यांच्यातल्या कुणीही ते नाव पुन्हा घेतलं नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता.

आता माझं अस्तर फाटलं आहे. शिवकांतानं नवा कोट शिवला आणि मला चाकूरच्या तिच्या कचेरीत खिळ्यावर टांगून ठेवलं. कुणी नवा वकील कोट घरी विसरून आला की मला घेऊन जातो आणि संध्याकाळी आणून टांगतो. अजून थोडे दिवस मी टिकेन.

तुमच्यातल्या कुणी एखाद्या सकाळी मला अंगावर चढवलं आणि कोर्टात तिचं नाव घ्यायची वेळ आली, तर ते बरोबर उच्चारा. निवाड्याच्या शेवटी 'अपील मंजूर' असं छापलंय, तेवढं वाचून पान मिटू नका. वाट सगळ्यांना मिळाली. फक्त तिला मिळाली नाही.